५ गिगची फायबर लाइन, पण पीसीवर ९४० च्या पुढे काटा जात नाही. पाणी कुठे मुरतंय?

फ्रिस्कोचा_पंत

नमस्कार मंडळी. मुक्काम टेक्सास, डॅलसच्या उत्तरेला. घर दुमजली, २००८ चं बांधकाम. लाइन ५ गिगची (सेकंदाला ५ गिगाबिट), जाता-येता सारखीच.

मांडणी अशी आहे: फायबर जिन्याखालच्या कपाटात येतं. तिथे कंपनीचा गेटवे, ओएनटी (फायबरचा प्रकाश विजेच्या संकेतात बदलणारं यंत्र) त्याच्याच पोटात. गेटवेला चार पोर्ट: एक ५ गिगचा, तीन १ गिगचे. ५ गिगच्या पोर्टातून माझ्या वायफाय ६ई राउटरच्या २.५ गिगच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टात केबल. राउटरचे लॅन (घराकडचे) पोर्ट तीन, तिन्ही १ गिगचे. पुढे आठ पोर्टांचा जुना गिगाबिट स्विच, आणि तिथून भिंतीतल्या कॅट ५ई दर्जाच्या केबल्स खोल्याखोल्यांत. सगळ्यात लांबची खोली केबलीच्या मापाने २५ मीटर असेल, ऑफिसची १८.

आकडे, सगळे मेगाबिटमध्ये:

गेटवेच्या स्वतःच्या पानावरची टेस्ट: ४९००
ऑफिसमधला पीसी, बोर्डवर २.५ गिगचा पोर्ट: ९४१ डाउन, ९३८ अप
तोच पीसी शेजारच्या खोलीतल्या सॉकेटवर: ९४
लॅपटॉप, यूएसबी डोंगलवर: ३२०
आयफोन १५ प्रो, राउटरसमोर बसून: ६५० ते ७००

गेटवे पासथ्रूवर आहे, म्हणजे बाहेरचा पत्ता थेट राउटरला मिळतो, दुहेरी नॅट (पत्त्यांची दोनदा अदलाबदल) नाही. भिंती उघडून कॅट ६ए टाकावी लागेल का? की राउटर बदलून भागेल? खर्च करायची तयारी आहे, पण अंधारात बाण मारायचे नाहीत.

केबलकाका

गेटवेवर ४९०० दिसतायत म्हणजे आडात पाणी आहे, पोहराच लहान आहे. आणि तुमच्याकडे एक नाही, चार वेगळी दुखणी आहेत. आकडे नीट दिलेत म्हणून ती एकेक करून ओळखता येतात.

आधी ९४१ कुठून येतं ते बघा. १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवर जाताना १५३८ बाइटची जागा खातं: ईथरनेटचं शीर्षक १४, शेवटची तपासबेरीज ४, सुरुवातीचा इशारा ८ आणि दोन पॅकेटांमधलं अंतर १२. उलट त्या १५०० मधले ५२ बाइट आयपी आणि टीसीपी या पाठवण्याच्या नियमांच्या शीर्षकांत जातात, खरा माल उरतो १४४८. १४४८ भागिले १५३८ म्हणजे ९४.१ टक्के. टीसीपीचे टाइमस्टॅम्प बंद असले तर १४६० उरतात आणि ९४९ दिसतात. म्हणून टेस्टमध्ये ९४० ते ९५० दिसलं आणि काटा तिथेच ठाण मांडून बसला, की वाटेत कुठेतरी गिगाबिटचा दुवा आहे हे नक्की. हाच हिशेब पुढे लावा:

९४: वाटेत १०० मेगाबिटची लिंक
९४१: १ गिगची
२३५०: २.५ गिगची
४७००: ५ गिगची
९४१०: १० गिगची

यातला एखादा आकडा स्थिर आला तर दोष लिंकचा. १४००, १८००, ३१०० असा अधलामधला आकडा आला, किंवा दर वेळी वेगळा, तर लिंक ठीक आहे, कुणाचा तरी प्रोसेसर, यूएसबी किंवा वायफाय दमतंय.

आता तुमचं निदान. ९४१ राउटरच्या लॅन पोर्टाचे. वॅन २.५ आणि लॅन १ असा राउटर बाजारात ढीगभर मिळतो. खोक्यावर २.५ गिग मोठ्या अक्षरात असतं, पण तारेवरच्या कुठल्याही एका यंत्राला ९४१ च्या वर ते कधीच मिळणार नाही. दोन-तीन यंत्रं मिळून भरतील तेवढंच. ९४ म्हणजे त्या सॉकेटमागे एक जोडी तुटलेली किंवा जोडलेलीच नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, म्हणून बिचारी लिंक खाली उतरते. ३२० म्हणजे डोंगल यूएसबी २ च्या पोर्टात किंवा तसल्या हबमध्ये बसलंय. नावाला ४८०, हाती तीनशे-साडेतीनशे. फोनचं वेगळं प्रकरण आहे, ते वायफायवाले सांगतील.

विकत घ्यायच्या आधी एवढं मोजा.

पीसी उचलून कपाटाशी न्या, दोन मीटरची चांगली पॅच केबल थेट गेटवेच्या ५ गिगच्या पोर्टात लावा. पासथ्रूचा पत्ता राउटरच्या नावे बांधलेला असतो, त्यामुळे पीसीला खाजगी पत्ता मिळेल. मिळू दे, मोजायला चालतो. टेस्टच्या आधी विंडोजच्या ईथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड वाचा: २५०० लिहिलेलं हवं. टेस्ट ब्राउझरमध्ये नको, ॲपमध्ये करा. ब्राउझर दोन-तीन गिगच्या पुढे स्वतःच धापा टाकतो. दोन-तीन वेगवेगळे सर्व्हर घ्या, काही सर्व्हरच १ गिगवर बसलेले असतात.

मग इंटरनेट बाजूला ठेवा आणि भिंतीतली केबल वेगळी मोजा. दोन टोकांना दोन २.५ गिगची यंत्रं, आयपर्फ ३ (दोन यंत्रांमधला वेग मोजणारं साधन), समांतर प्रवाह आठ, वेळ तीस सेकंद, आधी एक दिशा मग उलटी. आयपर्फ ३.१६ किंवा त्यानंतरचं घ्या. त्याआधीच्या आवृत्त्या सगळे प्रवाह एकाच कोअरवर चालवतात आणि मोठ्या वेगांना आकडा कमी सांगतात.

नेमकं_बोला

काकांच्या निदानाला हरकत नाही, पण पंत, ५ गिग एकाच पीसीवर हवेत की घरभर मिळून? या दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे.

५ गिग म्हणजे सेकंदाला ६२५ मेगाबाइट. साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास थांबते, फिरती हार्ड डिस्क दोनशेच्या. गेम उतरवताना तर प्रोसेसर फाइल उलगडण्यातच गुंतलेला असतो. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) असेल तरच त्या ६२५ ला काही अर्थ. माझं मत: घरभर २.५ गिग करा. वॅन आणि किमान एक लॅन २.५ किंवा वरचा असा राउटर, पाच-आठ पोर्टांचा २.५ गिगचा स्विच, संपलं. बोर्डवरचे पोर्ट २.५ चे आहेतच.

तरीही ५ हवेच असतील तर एक सापळा सांगून ठेवतो. सर्व्हरमधून काढलेली जुनी १० गिगची कार्डं स्वस्तात मिळतात. त्यातली बरीच फक्त १०० मेगाबिट, १ गिग आणि १० गिग जाणतात. २.५ आणि ५ चं मानक, ८०२.३बीझेड, २०१६ मध्ये आलं, ही कार्डं त्याच्या आधीची. असलं कार्ड ५ गिगच्या पोर्टाला लावलं की दोघांना समजणारी एकच भाषा उरते, १ गिग. आणि पुन्हा ९४१! घेताना "१०/५/२.५/१" असं चारही लिहिलेलं घ्या. कार्ड कुठल्या खाचेत बसतंय तेही बघा. पीसीआयई २ च्या एका लेनची खाच असेल तर कागदावरच ४ गिग आहेत, हाती सव्वातीन येतील.

यूएसबीवर ५ गिगचं डोंगल घेणार असाल तर पोर्ट १० गिगचा यूएसबी हवा. ५ गिगच्या यूएसबीतला पाचवा हिस्सा संकेतांकनातच जातो, डोंगल साडेतीन गिगच्या आसपास अडकतं. पॅकेटवर मात्र ५ लिहिलेलं असतंच.

फ्रिस्कोचा_पंत

मोजलं.

पीसी थेट गेटवेवर: लिंक २५००, डाउन २३५४, अप २३४८.
लॅपटॉपचं डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावलं: ९४२. हबचाच प्रताप होता.
ऑफिसची केबल, आयपर्फ: जाताना २३५०, येताना १९०० ते २३००, हेलकावे खातंय.
शेजारच्या खोलीचं सॉकेट उघडलं. मागे एक नाही, दोन केबल आल्यात. नारिंगी आणि हिरवी जोडी जोडलेली, बाकीच्या दोन मागे गुंडाळून ठेवल्यात. कपाटातल्या पॅनेलमध्ये एक हिरवी पट्टी आहे, तिच्यावर चार-पाच केबल एकत्र ठोकल्यात.

नेमकं_बोला, पटलं. घरभर २.५, आणि ऑफिसच्या एका पीसीला पूर्ण ५, असं ठरवतो. त्या पीसीत एनव्हीएमई आहे.

पीळदार_जोडी

हिरवी पट्टी म्हणजे टेलिफोनची वाटणी. त्या काळातल्या अमेरिकन घरांत बिल्डर कॅट ५ई टाकत, पण जोडत फोनसारखी: सगळ्या खोल्या एकाच पट्टीवर समांतर, आणि काही खोल्या एकीतून दुसरीत ओवलेल्या. दोन केबल म्हणजे तुमची ती खोली ओवलेली आहे. एक केबल पॅनेलकडून आलेली, दुसरी पुढच्या खोलीकडे गेलेली. ईथरनेटला असा फाटा चालत नाही, दर केबलीला दोनच टोकं हवीत. ऑफिसची केबल सध्या स्विचला कशी जोडलीय तेही बघा. पट्टीवरून घेतली असेल तर हेलकाव्यांचं कारण तेच.

भिंत फोडायची गरज मला दिसत नाही. कॅट ५ई चं माप १०० मेगाहर्ट्झपर्यंतचं आहे. २.५ गिगचा संकेत तेवढीच पट्टी वापरतो, म्हणून मानकानेच कॅट ५ई वर १०० मीटर दिलेत. ५ गिगला २०० मेगाहर्ट्झ लागतात, त्यासाठी कॅट ६ सांगितलीय, पण १५-२५ मीटरच्या घरगुती धावेवर कॅट ५ई बहुतेक वेळा निभावून नेते. १० गिगला ४०० लागतात. कॅट ५ई वर त्याची हमी कुणीच देणार नाही. छोट्या धावेवर चालूनही जातं, पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

काम असं करा.

पट्टीवरच्या सगळ्या केबल काढा. कुठली कुठल्या खोलीची हे आधी टोनरने (तारेत आवाज सोडून तिचं दुसरं टोक शोधणारं यंत्र) शोधून प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव लावा, नंतर रडण्यापेक्षा बरं. पॅनेलमध्ये आठ किंवा बारा घरांचा पॅच पॅनेल (सगळ्या केबलींची टोकं बसवायची पट्टी) बसवा, खोल्यांत कीस्टोन जॅक (भिंतीतलं केबलीचं सॉकेट). दोन्ही कॅट ६ चे घ्या, किमतीत फार फरक नाही. ११० पात्याचं पंच डाउन हत्यार हवं. प्लास्टिकची जी चकती फुकट येते तिने तार खाचेत बसल्यासारखी दिसते, पण नीट चिरून धरत नाही.

आवरण तीन सेंटीमीटरच सोला, आणि सोलताना आतल्या तारांना पातं लागू देऊ नका. जोडीचा पीळ खाचेच्या तोंडापर्यंत ठेवायचा. मानकात १३ मिलिमीटरची सूट आहे, पण जमेल तितकं कमी उलगडा. इथेच सगळे चुकतात: काम सोपं व्हावं म्हणून चारही जोड्या दोन इंच सरळ करून घेतात. गिगाबिटला ते खपतं. ५ ला त्याच दोन इंचांत एका जोडीचा आवाज दुसरीत शिरतो, लिंक लागते आणि चुका मोजायला घेतल्या की शेकड्यांनी येतात. जाताना बरोबर आणि येताना हेलकावे हे बऱ्याचदा असल्याच टोकाचं लक्षण असतं.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना ५६८बी ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा पिनांचा क्रम झाला. कीस्टोनवर रंगांच्या खुणा वेगळ्या मांडणीत असतात, आणि ए व बी अशा दोन ओळी छापलेल्या असतात. बी ची ओळ धरा आणि तिच्यावरच राहा.

ओवलेल्या खोलीत दोन पर्याय. पुढची खोली नको असेल तर पॅनेलकडची केबल जॅकला लावा, दुसरी मोकळी सोडा. दोन्ही खोल्या हव्या असतील तर तिथे दोन जॅक बसवा आणि मध्ये छोटा २.५ गिगचा स्विच ठेवा.

भिंतीतल्या केबलीच्या टोकाला थेट प्लग क्रिम्प करू नका. भिंतीतली तार अखंड तांब्याची असते, वाकवून वाकवून मोडते. जॅक पक्का, पुढे पॅच केबल. पॅच केबल घेताना सीसीए लिहिलेली, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, उचलू नका. चपट्या रिबनसारख्या केबलीही टाळा, त्यातल्या बऱ्याच पातळ तारेच्या आणि पीळ नावापुरता असलेल्या असतात.

सगळं झाल्यावर पुन्हा आयपर्फ, दोन्ही दिशा, आणि यंत्राच्या पोर्टावरचा सीआरसी चुकांचा (बिघडून आलेल्या पॅकेटांचा) आकडा. रात्रभर शून्य राहिला तर केबल पास.

तरंगलांबी

फोनपुरतं लिहितो. दोन अँटेनाच्या वायफाय ६ उपकरणाला ८० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त १२०१ ची लिंक मिळते, त्यातून हाती सातशे-आठशे. पंतांचे ६५०-७०० म्हणजे फोन ५ गिगाहर्ट्झवर ८० च्या चॅनेलवर आहे आणि व्यवस्थित चाललाय, बिघाड काही नाही. १६० वर लिंक २४०२ आणि हाती दीड गिगच्या पुढे, तेही राउटरसमोर.

पण राउटरवर ५ गिगाहर्ट्झला १६० चालू करून आयफोनला काही मिळणार नाही, आयफोन त्या पट्टीत ८० च्या पुढे जातच नाही. त्याला १६० फक्त ६ गिगाहर्ट्झमध्ये मिळतं. अमेरिकेत एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ पर्यंतची पूर्ण १२०० मेगाहर्ट्झ पट्टी खुली केली, त्यामुळे तिथे जागेला तोटा नाही. राउटरवर ६ गिगाहर्ट्झ चालू आहे का, सुरक्षा डब्ल्यूपीए ३ आहे का, ते बघा. ६ मध्ये डब्ल्यूपीए २ चालतच नाही, आणि राउटर नुसत्या डब्ल्यूपीए २ वर ठेवला असेल तर फोनला ६ चं जाळं जोडताच येत नाही. ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉपसाठी १६० हवं असेल तर सहसा ३६ ते ६४ चा गठ्ठा घ्यावा लागतो. त्याचा अर्धा भाग रडारबरोबर वाटून घेतलेला आहे. राउटर सुरू होताना ६० सेकंद कान लावून बसतो, आणि रडार ऐकू आलं की चॅनेल सोडून पळतो. विमानतळाजवळ हे रोजचं.

६ ची लहर भिंतीत लवकर मरते. तुमच्या जिप्समच्या भिंतीत एखादी खोली ओलांडेल, विटांच्या किंवा काँक्रीटच्या घरात तेही अवघड. त्यामुळे वरच्या मजल्यावर एक वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) हवाच, आणि त्याचा मागचा पोर्ट २.५ चा हवा. गिगाबिट पोर्टाचा वायफाय ७ पॉइंट विकणारे आहेत, सांभाळा. मेशचे दोन डबे हवेतूनच एकमेकांशी बोलत असतील आणि फोनशीही त्याच रेडिओवर बोलत असतील तर वेग निम्मा होतो. तुमच्याकडे केबल आहे, तीच वापरा.

कोथरूडकर_९

मधेच एक. आमच्याकडे पुण्यात १ गिगचा प्लॅन आहे, पीपीपीओई लॉगिनवाला. गेटवे ब्रिजवर (लॉगिन न करता नुसता पुढे ढकलणारा) टाकून मागे स्वतःचा राउटर लावला तर ५५० च्या वर जात नाही. ब्रिज काढला की ९३०. केबल तीच. म्हणजे राउटर गचाळ?

केबलकाका

गचाळ नाही, लिंक ठीक आहे हे तुमचा ९३० सांगतोय. पीपीपीओई दर पॅकेटला ८ बाइट घेतं, म्हणून पूर्ण वेगातही ९३६ च्या आसपासच दिसणार. ५५० म्हणजे प्रोसेसर. पीपीपीओईचं वेष्टण सोडायचं काम बऱ्याच राउटरांत एकाच कोअरवर पडतं. हार्डवेअर ॲक्सलरेशन किंवा फ्लो ऑफलोड नावाचं बटण शोधा. ते चालू असूनही फरक नसेल तर क्यूओएस (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं फीचर), मुलांसाठीचं फिल्टर, घुसखोरी शोधणारं फीचर, वाहतुकीचा आलेख, यातलं जे काही चालू असेल ते बंद करून बघा. यातलं एखादंही चालू असलं की पॅकेट वेगवान वाटेवरून काढून प्रोसेसरकडे नेलं जातं. पंत, नवा राउटर घेताना तुम्हीही हेच बघा: नॅटचा आकडा नको, ही सगळी तपासणी चालू ठेवून किती वेग मिळतो तो आकडा वाचा.

फ्रिस्कोचा_पंत

पीळदार, टोकं सगळी नव्याने केली. ९४ वाली खोली आता २३५०. फोन ६ गिगाहर्ट्झवर १५०० च्या आसपास.

नवा राउटर: दोन एसएफपी प्लस (मॉड्यूल घालायची १० गिगची घरं), एक १० गिगचा आरजे४५ (नेहमीचा केबलीचा पोर्ट), चार २.५ गिगचे. पीसीत १०/५/२.५/१ चं कार्ड. जोडणी अशी केली: गेटवे ते राउटर एसएफपी प्लसमध्ये आरजे४५ चं मॉड्यूल घालून, आणि राउटरच्या १० गिगच्या आरजे४५ मधून ऑफिसची भिंतीतली केबल. ऑफिसची लिंक चक्क १० गिग लागलीय, सीआरसी चुका रात्रभर शून्य.

डाउनलोड ४६८०. पण अपलोड ३८०! कधी २९०, कधी ५००. गेटवेच्या पानावर अप ४८०० दाखवतंय. राउटर सांगतो वॅनची लिंक १० गिग. गेटवेचा पोर्ट तर ५ चा आहे, मग हे १० कुठून आलं?

केबलकाका

तुम्ही शेवटच्या वाक्यात स्वतःच पकडलंत. तांब्याच्या केबलीवर लिंक ५ गिगचीच आहे. पण एसएफपी प्लसचं आरजे४५ मॉड्यूल हे दुतोंडी असतं. बाहेरच्या तोंडाने ते गेटवेशी ५ ने बोलतं, आतल्या तोंडाने राउटरशी कायम १० ने. राउटरला फक्त आतलं तोंड दिसतं, म्हणून तो १० सांगतो.

डाउनलोडला ५ मधून १० मध्ये यायचं, अरुंदातून रुंदात, काहीच अडत नाही. अपलोडला उलटं. राउटरला वाटतं समोर १० चा रस्ता मोकळा आहे, तो त्या वेगाने पॅकेटांची झुंड सोडतो. मॉड्यूलच्या पोटात बफर इवलासा. तो भरला की पुढची पॅकेटं सांडतात, आणि सांडली याची नोंद राउटरच्या पानावर कुठेच होत नाही. टीसीपीला गळती दिसली की तो वेग आखडता घेतो, पुन्हा वाढवतो, पुन्हा सांडतं. म्हणून ३८०, २९०, ५०० असा नाचणारा आकडा. लिंकच्या खुणेचा आकडा नाही हे, बघा.

सगळ्यात सोपा उपाय: जागा अदलाबदल करा. १० गिगचा आरजे४५ पोर्ट अस्सल आहे. तो स्वतः ५ वर उतरतो, आणि राउटरलाही ते ठाऊक असतं. गेटवेची केबल त्यात घाला. मॉड्यूल ऑफिसच्या केबलीकडे जाऊ दे. तिथे दोन्ही तोंडांना १० च आहे, त्यामुळे तफावत उरत नाही. हे जमतंय ते केवळ तुमच्या १८ मीटर कॅट ५ई ने १० धरलं म्हणून. उद्या ती केबल रुसली आणि लिंक ५ वर उतरली, तर हेच दुखणं ऑफिसच्या डाउनलोडला सुरू होऊ शकतं. दिसलं तर ओळखा.

अदलाबदल जमत नसेल त्यांनी त्या पोर्टावर फ्लो कंट्रोल चालू करावा. मॉड्यूलला पॉज फ्रेम पाठवता येत असतील तर ते राउटरला "थांब" म्हणतं. सगळ्यांना येतं असं नाही. अपलोड ४६०० वर बांधून ठेवणं हा तिसरा मार्ग. पण त्याने बऱ्याच राउटरांचं हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद पडतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

फ्रिस्कोचा_पंत

अदलाबदल केली. डाउन ४६९०, अप ४६७०, पाच वेळा घेतली, तेच. ऑफिसची लिंक १० वरच आहे.

मॉड्यूलला मात्र बोट लावून धरता येत नाही. राउटर ७८ अंश दाखवतोय. आणि पुण्याच्या घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) फोटो पाठवतो ते अजून १५० च्या आसपासच, तेवढं का?

पीळदार_जोडी

आरजे४५ चं मॉड्यूल दोन-तीन वॉट खातं आणि ती सगळी उष्णता त्या पत्र्याच्या इवल्या डबीतूनच बाहेर पडायला बघते. शेजारचं एसएफपी घर रिकामं ठेवा, राउटर भिंतीतल्या बंद पत्र्याच्या पॅनेलमधून बाहेर काढून कपाटात उघड्यावर फळीवर ठेवा. मॉड्यूलच्या माहितीपत्रकात ७० पर्यंत चालणारं की ८५ पर्यंत ते वाचा. ७० वालं असेल तर ८५ वालं घ्या, टेक्सासच्या ऑगस्टमध्ये कपाट आणखी तापेल. पुढे स्विच आणलात तर राउटर ते स्विच डॅक केबल (दोन्ही टोकांना एसएफपी प्लग जोडूनच आलेली तांब्याची) वापरा, ती जवळपास काहीच वीज खात नाही आणि कपाटात एक मीटर पुरते.

नेमकं_बोला

पुण्याच्या नॅसचा प्रश्न तुमच्या घरातल्या कुठल्याही डबीचा नाही. आधी पुण्याच्या लाइनचा डाउनलोडचा प्लॅन बघा, २०० चा असेल तर विषय संपला. मोठा असेल तर अंतर. जाऊन-येऊन २५० मिलिसेकंद धरा. नॅस लिनक्सवर चालत असेल तर एका जोडणीची घेण्याची खिडकी (पोच द्यायच्या आधी एका दमात घेता येणारा माल) बऱ्याच आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये फार तर ६ मेगाबाइट असते. एका फेरीत ६ मेगाबाइट, सेकंदाला चार फेऱ्या, म्हणजे २४ मेगाबाइट, साधारण १९० मेगाबिट. त्यातला काही भाग हिशेबठिशेबात जातो, उरतात तुमचे १५०. फोटो एकाच वेळी चार-सहा जोडण्यांवर पाठवणारं साधन वापरा, किंवा नॅसवर ती कमाल खिडकी ३२ मेगाबाइट करा. पाठवणाऱ्या टोकाचा बफरही तेवढा लागतो, विंडोज ते आपोआप वाढवतं.